प्राणवायू जिथे संपतो : मूत्राशयाच्या कर्करोगाची एक बाजू

जबलपूर असो वा मुंबई, मूत्राशयाच्या कर्करोगावर किरणोपचार करताना मात्रा ‘ग्रे’ या एककात लिहितात. हे नाव लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाचे. १९५५ साली त्यांनी आणि डॉ. थॉमलिन्सन यांनी फुप्फुसाच्या अर्बुदांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रक्तवाहिन्यांच्या बाजूला जिवंत पेशींचा थर, त्यापलीकडे मृत गाभा. गाभा कितीही मोठा असो, जिवंत थर सुमारे १८० मायक्रॉनपेक्षा जाड आढळला नाही. रक्तातून झिरपणारा प्राणवायू वाटेतल्या पेशी वापरत गेल्या तर तो कोठे संपेल, हे विसरणाच्या गणिताने काढता येते. उत्तर या मोजमापाच्या जवळपासच आले.

खरी अडचण गाभ्याच्या काठावर तग धरून राहिलेल्या पेशींची. प्राणवायूविना जगणारी पेशी मारण्यास किरणांची मात्रा जवळपास तिप्पट लागते.

त्या तगतात कशा, हे उकलायला आणखी चार दशके गेली. ग्रेग सेमेन्झा यांनी १९९०च्या दशकात एचआयएफ-१ हे प्रथिन शोधले; २०१९च्या नोबेलचे ते एक मानकरी. प्राणवायू मुबलक असता पेशी या प्रथिनाचा एक घटक बनवते आणि लगेच मोडून टाकते. टंचाईत तो साचतो आणि अनेक जनुके जागी करतो. पेशी ग्लुकोज अधिक ओढते, त्याचे लॅक्टिक आम्ल करते, नव्या रक्तवाहिन्यांसाठी संदेश धाडते. ग्लुकोजही आटले, तर ग्लुटामिनवर भागवते, प्रसंगी स्वतःचेच घटक मोडून खाते.

भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उभारली. मात्र संवर्धनाच्या बशीत पेशींना एरवी भरपूर साखर आणि जवळजवळ हवेइतका प्राणवायू मिळतो; शरीरातल्या अर्बुदाला हे सुख कुठले? म्हणून टंचाईच्या अभ्यासासाठी कमी प्राणवायूच्या पेट्या लागतात.

मूत्राशय काढून न टाकता रोग आवरावा, या हेतूने ब्रिटनमध्ये ३३३ रुग्णांवर चाचणी झाली. निष्कर्ष २०१० साली आले. एका गटाला किरणोपचारासोबत ९८ टक्के प्राणवायूचे मिश्रण आणि निकोटिनामाइड दिले. तीन वर्षांनी या गटातले ५९ टक्के, तर नुसता किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्ण हयात होते. मूत्राशयातील रोगनियंत्रणाचा फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात कमी पडला, आणि ही उणीव क्षुल्लक नाही. पुढे जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा लाभ मुख्यतः ज्यांच्या अर्बुदात मृत पेशींचे पुंजके होते, त्यांना झालेला दिसला.