निवडीची शाळा: वर्धा जिल्ह्यातील एक शैक्षणिक प्रश्न

दहा-अकरा वर्षांच्या मुलास घर सोडून शिकावयास पाठविणे ही आपल्या समाजास अपरिचित अशी गोष्ट नाही. मुंज झालेला मुलगा गुरुगृही जात असे, आणि वार लावून जेवणारे विद्यार्थी पुण्या-नागपुरासारख्या शहरांत अगदी अलीकडच्या काळापर्यंत होते. परंतु त्या मुलाने आधी हजारो मुलांबरोबर परीक्षेस बसावे, तीत निवडून यावे, आणि मग सरकारी खर्चाने सात वर्षे एका निवासी शाळेत राहावे, हा प्रकार मात्र नवा होय. वर्धा जिल्ह्यात सेलूकाटे येथे असलेले जवाहर नवोदय विद्यालय हे या प्रकारचे उदाहरण आहे. त्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे, आणि १९३७ साली साऱ्या देशातील मुलांच्या शिक्षणाचा विचार ज्या परिषदेत झाला ती वर्ध्यासच भरली होती. त्यामुळे निवडीच्या शाळेचा प्रश्न येथे जितका स्पष्ट दिसतो तितका तो क्वचितच दुसरीकडे दिसेल.

महाराष्ट्रात वसतिगृहांची जी थोर परंपरा आहे तिचा आरंभ कोल्हापुरास झाला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जाती यांच्या मुलांसाठीही वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातील मुलगा शिकत नाही याचे एक मोठे कारण शहरात त्याला राहावयास जागा आणि जेवावयास अन्न नाही हे होय, असे महाराजांनी ओळखले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, त्यात तर सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. या सर्व संस्थांचा हेतू एकच होता: ज्याला दार बंद आहे त्याच्यासाठी ते उघडावे.

निवासी शाळांची दुसरी एक परंपरा याच सुमारास देशात मूळ धरीत होती. १९३५ साली डेहराडूनला दून स्कूल निघाले. इंग्लंडमधील पब्लिक स्कूल हा त्याचा आदर्श, आणि त्याचे पहिले मुख्याध्यापक आर्थर फूट हे ईटनहून आलेले होते. तेथील शिस्त, खेळ आणि स्वावलंबन यांची कीर्ती सर्वत्र झाली. परंतु तेथील खर्च साधारण गृहस्थास पेलण्यासारखा नव्हता, मग शेतकऱ्याची गोष्ट तर दूरच.

अशा वेळी १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखेस, वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी स्वतः गांधीजी होते. प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांतील शिक्षणमंत्री आले होते. परिषदेने चार ठराव केले. सर्व देशभर सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण असावे. ते मातृभाषेतून द्यावे. एखादा उत्पादक हस्तोद्योग त्याच्या केंद्रस्थानी असावा. आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून हळूहळू शिक्षकांचे वेतन निघावे. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालास हरिपुरा काँग्रेसने १९३८ साली मान्यता दिली. हिंदुस्थानी तालिमी संघ त्याच वर्षी स्थापन झाला, आणि शांतिनिकेतनातून आलेले आर्यनायकम व आशादेवी हे दांपत्य सेवाग्रामच्या शाळेचे आधारस्तंभ झाले. टकळी, शेती, सफाई आणि स्वयंपाक यांतूनच गणित, भूगोल आणि आरोग्यशास्त्र शिकवावे, हा तेथील क्रम होता.

या योजनेत निवडीस स्थान नव्हते, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. गावातील जे मूल दारी येईल ते शाळेचे. हुशार कोण आणि मंद कोण याची छाननी करण्याचे तिला प्रयोजनच नव्हते, कारण सूत काततांना आणि भाजीचा वाफा तयार करतांना प्रत्येकाच्या अंगच्या गुणास वाव मिळे. परंतु स्वराज्यानंतर ही योजना सरकारी शाळांत नीट रुजली नाही. पालकांना मॅट्रिकचे प्रमाणपत्र आणि त्यामागून येणारी नोकरी हवी होती. हातांनी काम करावयास शिकविणारी शाळा गरिबाच्या मुलास पुन्हा शेतातच पाठविणार, अशी शंका गरिबांनाच अधिक आली. सेवाग्रामची शाळाही कालांतराने बंद पडली. २००५ साली आनंद निकेतन या नावाने ती पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. पण साऱ्या देशाने ज्या मार्गाने जावे अशी १९३७ साली अपेक्षा होती तो मार्ग देशाने धरला नाही, हेही तितकेच खरे.

नवोदय विद्यालयांचा जन्म या पार्श्वभूमीवर झाला. राजीव गांधी हे स्वतः दून स्कूलचे विद्यार्थी. त्यांच्या पंतप्रधानकीच्या काळात १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ठरले, आणि प्रत्येक जिल्ह्यात एक निवासी शाळा काढावी असे त्यात आले. गुणवत्ता आणि सामाजिक न्याय या दोहोंची सांगड घालावी, आणि खेड्यातील बुद्धिमान मुलास पैशावाचून अडून राहावे लागू नये, असा त्यामागील विचार होता. प्रयोगादाखल १९८५-८६ साली दोन शाळा निघाल्या. एक हरियाणात झज्जर येथे, आणि दुसरी वर्धा नदीच्या पलीकडे अमरावतीस. म्हणजे या कल्पनेचे पहिले पाऊल वर्ध्याच्या शेजारीच पडले होते. शाहू छत्रपतींच्या वसतिगृहाचा हेतू आणि दून स्कूलची घडण ही दोन्ही एका ठिकाणी आणण्याचा हा प्रयत्न होता, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रवेशाची रीत समजून घेतल्यावाचून या शाळेचे स्वरूप कळणार नाही. सहाव्या इयत्तेत अधिकात अधिक ८० मुले घेतली जातात. मूल त्याच जिल्ह्यातील रहिवासी आणि तेथीलच मान्य शाळेत पाचवीत शिकत असलेले पाहिजे. निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात, आणि ग्रामीण म्हणवून घेण्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता खेड्याच्या शाळेत झालेल्या असाव्या लागतात. निदान एक तृतीयांश जागा मुलींच्या, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा निराळ्या. अर्जास शुल्क नाही. परीक्षा दोन तासांची असून ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांतील निम्मे गुण बुद्धिमापनाचे व उरलेले अंकगणित आणि भाषा यांचे. वर्ध्याच्या मुलास ती मराठीतून देता येते. बुद्धिमापनाचे प्रश्न आकृत्यांचे असतात, यात एक धोरण आहे. ज्या घरी पुस्तक नाही आणि वर्तमानपत्र येत नाही, तेथील मुलाचे शब्दभांडार लहान असणार; पण चार आकृत्यांतील वेगळी आकृती ओळखावयास शब्दांची गरज लागत नाही.

एक नियम मात्र कठोर आहे. या परीक्षेस मूल एकदाच बसू शकते. त्या दिवशी ताप आला, एसटी चुकली किंवा उत्तरपत्रिकेवर खुणा चुकीच्या ओळीत पडल्या, तर सहावीचे हे दार त्याला कायमचे बंद झाले. परीक्षेचे असे महत्त्व वाढले म्हणजे तिच्या तयारीचा बाजारही भरतो. महाराष्ट्रात नवोदयाचे मार्गदर्शक ग्रंथ निघाले आणि तालुक्याच्या गावी खाजगी शिकवण्या सुरू झाल्या. आकृत्यांची परीक्षा पुस्तकहीन घरातील मुलाच्या सोयीसाठी योजिली होती. पण आकृत्यांचाही सराव करून घेता येतो, आणि तो सराव विकत मिळतो. आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातील ज्या मजुराच्या मुलीस शिकवणी परवडत नाही, तिच्यासाठी एखाद्या जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक सुटीच्या दिवशी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो तेव्हाच योजनेचा मूळ हेतू राखला जातो.

निवड झाल्यावर खरी कसोटी सुरू होते, आणि तिचे गुण कोठेही मांडले जात नाहीत. प्रवेश बहुधा पेरणीच्या धामधुमीत येतो. पत्र्याची पेटी, अंथरूण आणि बादली घेऊन आई किंवा बाप मुलास पोचवितो आणि दिवस मावळण्यापूर्वी शेताकडे परततो. शाळेत मुलांची विभागणी अरवली, नीलगिरी, शिवालिक आणि उदयगिरी अशा गृहांत केलेली असते. पहाटेची कवायत, प्रार्थना, वर्ग, सायंकाळचे खेळ, रात्रीचा अभ्यास असा दिवस घंटेवर चालतो. घरी भाकरी मागेल तेव्हा मिळे. येथे ताट हाती घेऊन रांगेत उभे राहावयाचे. आईवडिलांची भेट ठराविक दिवशीच. पहिल्या काही आठवड्यांत रात्री अंथरुणात रडणे हे जणू या शिक्षणाचे पहिले प्रकरणच असते, आणि ते प्रत्येक जण एकट्यानेच शिकतो.

भाषेची अडचण त्याहून सूक्ष्म असते. वर्ध्याच्या खेड्यातील मूल ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ असे बोलत आलेले. येथे पुस्तकी मराठीबरोबर हिंदी कानी पडते, कारण शिक्षक निरनिराळ्या प्रांतांतून आलेले असतात. पुढे वरच्या इयत्तांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकावयाचे. नववीत तर सुमारे ३० टक्के मुलांनी एक वर्ष परप्रांतातील, म्हणजे बहुधा हिंदी भाषिक प्रदेशातील, नवोदयात जाऊन राहावे आणि तिकडील मुलांनी इकडे यावे, अशी योजना आहे. राष्ट्रैक्याचा जो पाठ इतरत्र नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतो, तो येथे एका खोलीत राहून आणि एका ताटाशी बसून शिकविला जातो. परंतु घरी परतलेल्या मुलास आजीशी बोलतांना शब्द जपून वापरावे लागू लागले, तर त्या लाभाबरोबर काही हानीही झाली, हे मान्य केले पाहिजे.

या शाळांवरील सर्वांत विचारार्ह आक्षेप ज्यांनी घेतला त्यांत आचार्य राममूर्ती यांच्या समितीची गणना करावी लागेल. सर्वोदय चळवळीत आयुष्य वेचलेल्या या कार्यकर्त्याच्या अध्यक्षतेखाली १९९० साली १९८६ च्या धोरणाचे पुनरीक्षण झाले, आणि समितीने नवोदय विद्यालयांच्या कल्पनेची कठोर चिकित्सा केली. मूठभर मुलांवर इतका खर्च, तर उरलेल्या शाळांचे काय, हा प्रश्न तिच्या मुळाशी होता. सेवाग्रामच्या विचाराने दिल्लीच्या विचारास विचारलेला तो प्रश्न होता असे म्हटले तरी चालेल. १९९२ च्या सुधारित धोरणात नवोदये कायम राहिली आणि त्यांची संख्या वाढत गेली. त्यांनी आसपासच्या शाळांस वळण लावावे अशी मूळ अपेक्षा होती. पण जिल्हा परिषदेची शाळा वर्षामागून वर्ष आपला सर्वांत चुणचुणीत विद्यार्थी पाठवीत राहिली, आणि त्याच्या बदल्यात तिला फारसे काही मिळाले नाही.

१९३७ च्या पहिल्या ठरावाचे काय झाले, हे पाहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. मोफत व सक्तीचे शिक्षण हा मुलांचा कायदेशीर हक्क होण्यास २००९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. प्रवेशाच्या वेळी मुलांची छाननी करू नये असे हा कायदा सांगतो. नवोदयाची निवड परीक्षा मात्र चालूच राहिली. वर्ध्यास ठराव झाल्यापासून कायद्यापर्यंत ७२ वर्षे लोटली, आणि या अवधीत कित्येक पिढ्या शाळेवाचून मोठ्या झाल्या.

मग नवोदय बंद करावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कापूस वेचणाऱ्या आईच्या ज्या मुलीस तेथे जेवण, पुस्तके, प्रयोगशाळा आणि रात्री दिवा मिळाला, तिला कोणत्या तत्त्वाच्या नावाखाली परत पाठवावयाचे? भाऊरावांच्या वसतिगृहातही सारा सातारा जिल्हा मावत नव्हता, म्हणून ते व्यर्थ ठरले नाही. परंतु सेलूकाट्याच्या शाळेचे यश तेथील निकालावरून जितके मोजावयाचे, तितकेच ते निवड यादीत नाव न आलेल्या मुलांच्या शाळेवरूनही मोजले पाहिजे. जूनमध्ये हिंगणघाट किंवा आर्वी तालुक्यातील ज्या मुलाचे नाव यादीत नसते, ते दुसऱ्या दिवशी आपल्या गावच्याच शाळेत जाते. तेथे त्याच्यासाठी पुरेसे शिक्षक, चांगली पुस्तके आणि त्याच्याकडून काही अपेक्षा करणारा मनुष्य असेल, तर दोन तासांच्या परीक्षेने त्याचे फारसे नुकसान केले नाही. हे वर्धा जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत घडेल, तेव्हा १९३७ च्या ठरावाचे ऋण फिटू लागले असे म्हणता येईल.