प्रत्यारोपणाच्या इतिहासातली न पाहिलेली जागा

किडनी प्रत्यारोपणाचा इतिहास बहुतेक वेळा २३ डिसेंबर १९५४ पासून सांगितला जातो. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी त्याच्या जुळ्या भावाला बसवली आणि ती चालली. भाऊ एकसारखे जुळे असल्यामुळे शरीराला ती परकी वाटलीच नाही. पण असं जुळं भावंड किती जणांना असतं? बाकीच्यांसाठी आपलं-परकं ओळखणारी शरीराची ताकदच मंद करणं भाग होतं. १९६०च्या दशकात ते काम अझाथायोप्रिननं केलं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं हे औषध. त्याला स्टिरॉइडची जोड मिळाली आणि मृत व्यक्तीची किडनीही टिकू लागली.

इथपर्यंतची गोष्ट विजयाची आहे आणि तिच्यामुळेच मी हे लिहितो आहे. बारा वर्षांपूर्वी बहिणीनं मला किडनी दिली. तेव्हापासून घड्याळाचा गजर लावून सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेतो. म्हणून या गोष्टीचा कमी सांगितला जाणारा भाग मी जरा जास्त बारकाईनं वाचतो.

तो भाग इझ्रेल पेन या सर्जनच्या नोंदवहीत आहे. दक्षिण आफ्रिकेतून आलेले पेन अमेरिकेत डेन्व्हरला थॉमस स्टार्झल यांच्यासोबत काम करत. प्रत्यारोपण झालेल्या काही रुग्णांना कर्करोग होतो आहे, हे लक्षात आल्यावर त्यांनी १९६८च्या सुमारास अशा रुग्णांची नोंद ठेवायला सुरुवात केली. पुढे ही वही सिनसिनाटीला गेली आणि जगभरातले डॉक्टर तिच्यात भर घालू लागले. लसिका ग्रंथींचे कर्करोग, त्वचेचे, ओठांचे. १९८६ साली पेन यांनी ‘कॅन्सर’ या नियतकालिकात किडनी प्रत्यारोपणाच्या ६५ रुग्णांची हकिगत मांडली. त्यांचे कर्करोग जननेंद्रियांच्या आणि गुदद्वाराच्या भागातले होते.

हीच जागा का, याचं उत्तर तोवर जर्मनीत मिळू लागलं होतं. हाराल्ड झुर हाउझेन यांच्या गटानं १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ हा विषाणू दाखवला. हा विषाणू बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी गाठतो आणि प्रतिकारशक्ती त्याला बहुधा गप्प बसवते. आमच्या गोळ्या नेमकं तिलाच झोपवतात. मग तो पेशींत ठाण मांडतो. गर्भाशयमुखाप्रमाणेच गुदद्वारातही दोन प्रकारच्या अस्तरांची सीमा असते आणि तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात. ही कर्करोगपूर्व अवस्था. बहुधा दुखत नाही, हाताला गाठ लागत नाही. सगळ्यांचाच पुढे कर्करोग होतो असंही नाही. पण होतो तेव्हा त्याआधी बरीच वर्षं गेलेली असतात.

म्हणजे पाहायला वेळ भरपूर होता. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तो वापरला गेला. पापानिकोलाऊ यांची चाचणी १९४३पासून पुस्तकात होती आणि पुढच्या काही दशकांत ती अनेक देशांत रुळली. गुदद्वाराच्या वाट्याला तसं काही आलं नाही. एक कारण आकड्यांचं: सर्वसाधारण लोकांत हा कर्करोग वर्षाला लाखात एक-दोघांनाच होतो. दुसरं कारण, मला वाटतं, लाजेचं. ही जागा रुग्ण दाखवत नाही आणि डॉक्टर विचारत नाही.

पाहायला भाग पाडलं ते एड्सच्या साथीनं. सॅन फ्रान्सिस्कोत जोएल पालेफस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुख तपासायची भिंगाची दुर्बीण इथे वापरली. अस्तराला सौम्य ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल लावायचं. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. मुंबईकरांना ही युक्ती परकी नाही. टाटा मेमोरियलनं मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात याच आम्लानं गर्भाशयमुख तपासून मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०१३ साली दाखवलं होतं.

गुदद्वाराबाबतचा पुरावा यायला २०२२ उजाडलं. एचआयव्हीसह जगणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या ४,४५९ जणांत ही कर्करोगपूर्व अवस्था सापडली होती. निम्म्यांवर उपचार केले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. उपचार केलेल्यांत ९ जणांना कर्करोग झाला, उरलेल्यांत २१ जणांना. अभ्यास वेळेआधीच थांबवून सगळ्यांना उपचार देऊ केले गेले.

हा पुरावा एचआयव्हीच्या रुग्णांचा आहे, आमचा नाही. पण झोपलेली प्रतिकारशक्ती दोघांच्याही नशिबी आहे. २०२१च्या एका एकत्रित विश्लेषणात अवयव प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण वर्षाला लाखात १३ निघालं. घाबरून जावं इतकं नाही, दुर्लक्ष करावं इतकंही नाही. २०२४ साली या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत प्रत्यारोपणाला दहा वर्षं झाल्यावर ही तपासणी सुरू करावी असं म्हटलं आहे. दुर्बीण नसेल तिथे निदान हातमोजा घालून बोटानं तपासावं, इतकं साधं.

माझी दहा वर्षं उलटून गेली आहेत. माझ्या फायलीत क्रिएटिनिनचे शेकडो आकडे आहेत, या जागेबद्दल एक ओळ नाही. आपल्याकडे तिथे रक्त दिसलं, खाज सुटली, की त्याला मूळव्याध म्हणतात आणि कोणीतरी लेप सुचवतं. बहुतेकदा ती मूळव्याधच असते. पण ल्युपस, क्रोन्स किंवा प्रत्यारोपणासाठी वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्यांनी ते आपलं आपण ठरवू नये. पुढच्या तारखेला मी डॉक्टरांना सरळ विचारणार आहे: ‘गुदद्वाराची तपासणी कधी करायची?’ पेन यांच्या त्या ६५ जणांच्या वेळी हा प्रश्न कोणाला सुचण्यासारखा नव्हता.