घटप्रभेकाठचे गोकाक : एका लहान शहराचा इतिहास

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजधान्या येतात, लढाया येतात. तालुक्याची गावे सहसा येत नाहीत. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक हे असेच एक शहर आहे. बाहेरच्या माणसाला ते धबधब्यामुळे व करदंटामुळे माहीत असते. परंतु घटप्रभेच्या काठी वसलेल्या या शहरात दख्खनच्या इतिहासाचे अनेक थर एकावर एक साचलेले दिसतात.

१६८५ मध्ये गोकाक हे एका 'सरकार'चे, म्हणजे प्रशासकीय विभागाचे, मुख्य ठाणे होते. पुढे १७१७ ते १७५४ या काळात ते सावनूरच्या पठाण नवाबांकडे होते. येथील मशीद व गंजीखाना त्यांनीच बांधल्याची नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. 'गंजीखाना' हा शब्दच पाहावा. मराठीच्या विद्यार्थ्याला 'गंजी' म्हटल्यावर कडब्याची गंजी आठवते, तर उर्दूच्या विद्यार्थ्याला 'गंज' म्हणजे खजिना किंवा बाजारपेठ. नुसत्या नावावरून निष्कर्ष काढण्याआधी दोन्ही अर्थ ठाऊक असणे आवश्यक आहे.

नवाबांनंतर सत्तांतरे होत राहिली आणि १८३६ मध्ये गोकाक तालुका इंग्रज सरकारात खालसा झाला. त्या काळी विणकाम व रंगकाम हे शहराचे मुख्य धंदे होते. जाडाभरडा कागदही येथे तयार होई. हलक्या लाकडाची व मातीची फळे आणि माणसांच्या आकृती यांसाठी तर गोकाकचे नाव दूरवर पोहोचले होते. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने विणकर व रंगारी यांचे कंबरडे मोडले. हा धंदा पुढे काहीसा सावरला. पण त्याच सुमारास नदीकाठी वेगळेच युग सुरू होत होते.

शहरापासून काही किलोमीटरवर घटप्रभा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट, खाली कोसळते. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या पडणाऱ्या पाण्याच्या शक्तीवर सूतगिरणी उभी राहिली. धुपदाळचा बंधारा व कालवाही याच शतकाच्या अखेरीस झाले. जी नदी पूर्वी पिण्यासाठी व रंगाऱ्यांच्या धुण्यासाठी होती, ती आता यंत्रे फिरवू लागली.

येथे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल या शहराची आठवण होते. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर तेथे १८२० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या. गिरण्यांची भरभराट ओसरल्यावर तेथील जुन्या गिरण्या व कालवे यांना १९७८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. गिरणीत राबलेल्या मुलींची पत्रे व त्यांचे लेखन आज इतिहासाची साधने मानली जातात. आपल्याकडे गिरणी कामगारांच्या कहाण्या अजून बहुतेक घराघरांतच आहेत.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९८२ मध्ये 'गोकाक' हा शब्द कन्नड भाषेच्या आंदोलनाशी जोडला गेला. मात्र ते नाव शहरावरून नव्हे, तर समितीचे अध्यक्ष डॉ. वि. कृ. गोकाक यांच्यावरून पडले. योगायोग असा की, त्यांचा जन्म १९०९ मध्ये सावनूरला, म्हणजे एकेकाळी गोकाकवर राज्य करणाऱ्या नवाबांच्याच गावी, झाला होता.

भाषेच्या वादात अशा शहरांच्या इतिहासाचीही वाटणी होते. फारसी-उर्दू साधने एकाने वाचावीत, मोडी दुसऱ्याने, कन्नड शिलालेख तिसऱ्याने, आणि कोणी कोणाला विचारू नये, अशी स्थिती दिसते. गोकाकसारखे शहर एका भाषेतून पुरते वाचता येत नाही. शिवाय कागदपत्रे कायम टिकणारी नाहीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घटप्रभेचे पाणी गोकाक शहरात शिरले. पाणी घरात आले की सर्वांत आधी भिजतात ते पेटीतले जुने कागद.

आपल्या महाविद्यालयांतून सीमाभागातील विद्यार्थी येतात. त्यांच्या घरांत सनदा, वक्फाची कागदपत्रे, गिरणीच्या नोकरीचे दाखले सापडू शकतात. उर्दू, मराठी व कन्नड विभागांच्या प्राध्यापकांनी एकत्र बसून अशा कागदांच्या प्रती व वृद्धांच्या आठवणी नोंदवून घेतल्यास त्यातून एक उत्तम विद्यार्थी-प्रकल्प होईल. त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. पुढच्या पावसाळ्याआधी सुरुवात मात्र व्हायला हवी.