चम्मक व वाशीम ताम्रपट : संशोधनलेखावरील अभिप्रायाचे स्वरूप

इतिहासविषयक लेख प्रसिद्ध झाला म्हणजे संशोधकाचे कार्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. आपल्याकडील शास्त्रीय वादपद्धतीला हा समज कधीच मान्य नव्हता. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि सिद्धांत या क्रमात पहिला लेख हा बहुधा पूर्वपक्षच असतो. त्यावर जो अभिप्राय येतो, तो केवळ गौरवपर असेल तर लेखकाला समाधान मिळते. केवळ दोषदर्शक असेल तर वाचकाचे मनोरंजन होते. परंतु तो मूळ साधनाकडे परत जाऊन दिलेला असेल, तरच त्यातून ज्ञानाची वृद्धी होते. या विधानाची सत्यता पडताळून पाहण्यासाठी वऱ्हाडच्या प्राचीन इतिहासाइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. अमरावती जिल्ह्यातील चम्मक आणि पूर्वी अकोला जिल्ह्यात असलेले वाशीम, या दोन ठिकाणच्या ताम्रपटांची कथा हीच प्रामुख्याने अभिप्रायांची कथा आहे.

चम्मक हे अचलपूरनजीकचे गाव. तेथे सापडलेला ताम्रपट वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याचा असून तो त्याच्या राज्यवर्ष 18 मधील आहे. भोजकट राज्यातील चर्मांक नावाचे गाव, म्हणजेच आजचे चम्मक, एक सहस्र ब्राह्मणांना दान दिल्याची नोंद त्यात आहे. फ्लीट यांनी 1888 साली गुप्तकालीन लेखांच्या आपल्या विख्यात संग्रहात हा ताम्रपट संपादित केला. प्रवरसेनाची माता प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्त याची कन्या होती, असे ताम्रपटात म्हटले आहे. हा देवगुप्त कोण, हा खरा प्रश्न होता. मगधाच्या उत्तरकालीन गुप्तवंशात आदित्यसेनाचा पुत्र देवगुप्त होऊन गेला. फ्लीट यांनी नामसाम्यावरून तोच हा देवगुप्त असे ठरविले. त्यामुळे वाकाटक प्रवरसेनाचा काळ पाचव्या शतकातून उचलला जाऊन थेट सातव्या-आठव्या शतकाच्या आसपास गेला.

या निर्णयास उत्तर मिळण्यास चोवीस वर्षे लागली. प्रभावतीगुप्तेचा स्वतःचा ताम्रपट पुण्यात उपलब्ध झाला आणि 1912 साली का. बा. पाठक यांनी तो विद्वानांच्या नजरेस आणला. त्यात प्रारंभीच गुप्तवंशाची वंशावळ दिलेली असून प्रभावती ही द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या असल्याचे स्पष्ट झाले. चम्मकच्या ताम्रपटातील देवगुप्त म्हणजे हाच चंद्रगुप्त, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. येथे एक गोष्ट विशेष मनन करण्याजोगी आहे. चंद्रगुप्ताच्या संदर्भात देवराज हे नाव ज्यात आले आहे, तो सांचीचा शिलालेख फ्लीट यांच्या त्याच ग्रंथात छापलेला आहे. उत्तराचा एक धागा ग्रंथातच होता. उणीव होती ती तो धागा प्रश्नाशी जोडून पाहणाऱ्या दुसऱ्या दृष्टीची. समान नावाच्या दोन व्यक्ती एकच मानण्यापूर्वी तिसरे स्वतंत्र प्रमाण शोधावे, हा नियम या चुकीतून मिळतो.

वाशीमचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. त्याचा प्रारंभ वाशीमपासून दूर, अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात होतो. हे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले. तेथील पद्यमय शिलालेखात वाकाटकांची वंशावळ आहे. पण दगड झिजल्यामुळे अनेक अक्षरे संदिग्ध झाली आहेत. प्रथम डॉ. भाऊ दाजी यांनी आणि पुढे 1883 साली ब्यूलर यांनी या लेखाचे वाचन प्रसिद्ध केले. वाकाटकांची एकच सलग राजपरंपरा त्या काळी ज्ञात होती. साहजिकच झिजलेल्या जागी तीच नावे असणार असे गृहीत धरले गेले, आणि पहिल्या प्रवरसेनानंतरच्या श्लोकांत मुख्य शाखेतील पृथिवीषेणाचे नाव वाचण्यात आले. वाचकाला जे ठाऊक होते, तेच दगडावर दिसले.

1939 साली वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला. त्याचे पहिले निवेदन यवतमाळचे य. खु. देशपांडे व महाजन यांनी त्याच वर्षी भारतीय इतिहास परिषदेच्या कलकत्ता अधिवेशनात केले. नंतर वा. वि. मिराशी यांच्या सहभागाने त्याचे सविस्तर संपादन एपिग्राफिया इंडिकाच्या 26व्या खंडात प्रसिद्ध झाले. वत्सगुल्म येथून, राज्यवर्ष 37 मध्ये दिलेल्या या दानपत्राचा प्रारंभीचा वंशवर्णनाचा भाग संस्कृतात व दानविषयक भाग प्राकृतात आहे. त्यात प्रवरसेन, त्याचा पुत्र सर्वसेन आणि सर्वसेनाचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम आहे. सर्वसेन हे नाव तोवर वाकाटकांच्या वंशावळीत कोठेही नव्हते. मिराशींनी ते हाती घेऊन अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि 1941 साली नवे वाचन प्रसिद्ध केले. पूर्वी चुकीच्या वाचल्या गेलेल्या जागी सर्वसेन व विंध्यसेन ही नावे निघाली. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम हे वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होते, हे अशा रीतीने सिद्ध झाले.

या विलंबाचे मोल लक्षात घेतले पाहिजे. 1883 ते 1941 या अठ्ठावन्न वर्षांत वाकाटकांचा जो इतिहास लिहिला गेला, त्यात या शाखेला स्थान मिळणे शक्यच नव्हते. या. मा. काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ 1924 साली प्रसिद्ध झाला. ही शाखा त्यांना कळण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता, म्हणून त्यांस दोष देता येत नाही. चुकीचे वाचन एका लेखापुरते राहत नाही. त्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक ग्रंथात ते शिरते आणि एखाद्या नगराचा राजधानीचा मानही लुप्त करते.

येथे एक आक्षेप संभवतो. ब्यूलर यांनी ज्ञात नावे दगडावर वाचली, तर मिराशींनीही नव्याने ज्ञात झालेली नावे वाचली. मग दोहोंत भेद कोणता? भेद असा की, दुसऱ्या वाचनाला अजिंठ्याच्या बाहेरचे, पूर्णपणे स्वतंत्र असे समकालीन प्रमाण होते, आणि उरलेल्या अक्षरचिन्हांची कसोटी त्यास लावता येत होती. शिवाय जेथे प्रमाण नव्हते तेथे मिराशींनी नाव कल्पिले नाही. आठव्या वर्षी गादीवर आलेल्या एका राजाचे नाव अजिंठ्याच्या लेखात नष्ट झाले आहे; त्यांच्या वंशावळीत ती जागा रिकामीच राहिली. पुढे सापडलेल्या ताम्रपटांवरून त्या जागी दुसरा सर्वसेन बसविता आला. रिकामी जागा प्रामाणिकपणे रिकामी ठेवली होती, म्हणूनच ती भरता आली.

दुरुस्ती करणारा स्वतः दुरुस्तीच्या पलीकडे असतो, असेही नव्हे. वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथील देवसेनाच्या काळचा शिलालेख शके 380 चा आहे. त्यामुळे या शाखेच्या कालगणनेला एक निश्चित आधार मिळाला आणि पूर्वीचे सर्व अंदाज त्यावर घासून पाहणे भाग पडले. प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळील पवनार, हे मिराशींचे मत दीर्घकाळ प्रचलित होते. रामटेकजवळील मनसर येथील उत्खननानंतर मनसरच प्रवरपूर होय, असे प्रतिपादन काही संशोधकांनी केले. अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या या विद्वानाची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. त्याच्या मताचे परीक्षण करण्याइतकी साधने त्याने मागे ठेवली, हाच त्या थोरवीचा पुरावा होय.

या दोन्ही उदाहरणांतून अभिप्रायपद्धतीचे एक सूत्र हाती येते. फ्लीट यांनी चम्मकच्या ताम्रपटाचा मूळ पाठ, भाषांतर व ठसा ही एकत्र छापली होती. म्हणूनच त्यांचा निष्कर्ष टाकून देतानाही त्यांचे संपादन टाकावे लागले नाही. ज्या लेखात निष्कर्ष तेवढा आहे आणि साधन नाही, त्यावर अभिप्राय देता येत नाही. फक्त विश्वास किंवा अविश्वास ठेवता येतो. लेखकाचे पहिले कर्तव्य, आपले म्हणणे खोडता येईल इतके साहित्य वाचकाच्या हाती देणे हे आहे. अभिप्राय देणाऱ्याचे कर्तव्य, लेखकाच्या निष्कर्षाशी झुंजण्यापूर्वी त्याच्या साधनापर्यंत स्वतः जाणे हे आहे. वऱ्हाडात दप्तरे, शिलालेख व हस्तलिखिते यांवर काम करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या पहिल्या लेखासोबत मूळ पाठ जोडला आणि न वाचता आलेली अक्षरे तशीच दाखविली, तर त्याची चूक कोणाच्या तरी लवकर लक्षात येईल. ती अठ्ठावन्न वर्षे टिकून राहण्यापेक्षा लवकर लक्षात येणे, यातच त्याच्या श्रमाचे सार्थक आहे.