टिपणे : बंदुकीने, भिंगाने, प्रकाशाने

मराठीतील 'टिपणे' हे क्रियापद मोठे सोयीचे आहे. चिमणी दाणे टिपते, शिकारी पाखरू टिपतो आणि छायाचित्रकारही पक्षी टिपतो. यातील शेवटच्या दोन टिपण्यांचे नाते केवळ भाषेपुरते नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्याच्या पंखांची हालचाल अभ्यासण्यासाठी 1882 मध्ये जो कॅमेरा बनविला, त्याचा आकार चक्क बंदुकीचा होता. नळीत भिंग, मागे फिरणारी काचेची तबकडी. चाप ओढला की सेकंदाला 12 चित्रे. पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो मारायचा, अशी त्या काळची रीत होती. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षीसंग्रह मुख्यतः बंदुकीच्याच बळावर वाढला.

रानातल्या पक्ष्याचे छायाचित्र घेण्याचा इतिहास मात्र पक्ष्यापासून नव्हे, घरट्यापासून सुरू होतो. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी 1892 मध्ये अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले आणि 1895 मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवर छायाचित्रांनी सजलेले पुस्तक काढले. पुढे जवळ जाता यावे म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचे पोकळ सोंग करून त्यात बसण्यापर्यंत मजल मारली!

घरटेच का? याचे उत्तर दहावीच्या प्रकाशाच्या पाठात सापडते. दूरच्या वस्तूच्या प्रतिमेची उंची म्हणजे वस्तूची उंची गुणिले भिंगाचे नाभीय अंतर, भागिले वस्तूचे अंतर. 13 सेंटिमीटरचा पक्षी 10 मीटरवर बसला आहे आणि भिंग 50 मिलिमीटरचे आहे, असे धरू. फिल्मवर प्रतिमा पडेल जेमतेम 0.65 मिलिमीटरची. ती 13 मिलिमीटरची हवी असेल, तर कॅमेरा अर्ध्या मीटरवर न्यावा लागेल. इतक्या जवळ आपण होऊन येणारा पक्षी कोठे भेटणार? घरट्यावर तो पुन्हापुन्हा येतो, ठरलेल्या जागी येतो आणि पिलांच्या ओढीने भीती गिळूनही येतो. छायाचित्रकाराची सारी भिस्त या ओढीवर होती.

दुसरी अडचण प्रकाशाची. 1930 च्या दशकातील पहिल्या रंगीत फिल्मची संवेदनक्षमता आजच्या मापात 10 च्या आसपास होती. आजचा साधा कॅमेराही 3200 वर सहज चालतो. तेव्हा सावलीतला पक्षी घ्यायचा तर फांद्या बांधून घरटे उघडे करायचे, नाहीतर कृत्रिम उजेड पाडायचा. जॉर्ज शायरस या अमेरिकन छायाचित्रकाराने मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवून रात्री टिपलेली वन्यप्राण्यांची चित्रे 1906 मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने छापली. भुकटीनंतर 1930 च्या सुमारास काचेचे दिवे आले. एक दिवा एकदाच पेटे. खरी क्रांती केली हॅरल्ड एजर्टन यांनी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत 1931 पासून त्यांनी वायूने भरलेल्या नळीतून विद्युतधारित्र रिकामे करून सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प काळ टिकणारा लखलखाट साधला. पंखाची फडफड त्यात गोठून जाई. 1940 च्या दशकात एरिक हॉस्किंग यांनी हे साधन घुबडांसाठी वापरले. हे हॉस्किंग म्हणजे तेच, ज्यांचा डावा डोळा 1937 मध्ये घरट्याजवळच्या एका घुबडाने पंजा मारून निकामी केला. घुबडाच्या बाजूनेही तो प्रसंग कोणी लिहायला हवा होता.

या कलेचा मुंबईशीही जुना संबंध आहे. सिंगापूरचे चित्रपट व्यावसायिक लोके वान थो 1942 मध्ये जपानी आक्रमणातून निसटताना जहाजावरील बाँबहल्ल्यात सापडले, काही काळ अंध झाले आणि भारतात पोहोचले. येथे त्यांची सालिम अलींशी मैत्री जुळली. दोघांनी मिळून पक्ष्यांसाठी अनेक ठिकाणी भटकंती केली. लोके यांचे पक्षीचित्रांचे पुस्तक 1957 मध्ये निघाले; 1964 च्या विमान अपघातात ते गेले. एक बंदूक आणि दुर्बीण घेऊन वाढलेला, दुसरा कॅमेरा घेऊन आलेला, अशी ही जोडी होती.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने किती भरून काढली, हे 1997 मध्ये आपल्याच राज्यात दिसले. रानपिंगळा हे छोटे घुबड नामशेष झाले असावे, असे अनेकांना वाटत होते. 1914 ची एक नोंद होती. पण तो नमुना जुना, चोरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. खरी शेवटची नोंद 1884 ची ठरली. नोव्हेंबर 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा दिसला. पुरावा म्हणून त्यांनी चित्रफीत आणि छायाचित्रे घेतली. पक्षी मारावा लागला नाही.

आता खारघरकडे येऊ. येथून विसेक किलोमीटरवर 1968 मध्ये घोषित झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. पावसाळ्यात या परिसरातील ओढ्यांकाठी तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बोगदा खणून अंडी घालतो. नारिंगी, निळा, जांभळा. आणि लांबी तीच, 13 सेंटिमीटरच्या आसपास. अंडी सुमारे 17 दिवस उबवली जातात, पुढे साधारण 20 दिवस पिले बोगद्यात असतात. खेकडा, पाल, बेडूक चोचीत घेऊन आलेला पक्षी आधी समोरच्या फांदीवर थांबतो, अंदाज घेतो, मग आत शिरतो. नेमक्या याच फांदीवर कॅमेरे रोखले जातात. माणसे फार जवळ असली, की पक्षी भक्ष्य चोचीत धरून थांबूनच राहतो आणि आत पिले उपाशी असतात. झाडीतला उजेड मंद म्हणून वर फ्लॅशही उडतात.

मघाचे गणित पुन्हा मांडू. 500 मिलिमीटरचे भिंग घेतले, तर 10 मीटरवरूनही प्रतिमा 6.5 मिलिमीटरची पडते. आजच्या संवेदकातील एक बिंदू 0.004 मिलिमीटरचा धरला, तर पक्ष्याच्या लांबीत 1600 हून अधिक बिंदू बसतात. मासिकात चांगले छापता येईल इतके. अंतर दुप्पट केले तरी 800 उरतात. फ्लॅशचा प्रकाश मात्र व्यस्त वर्गाच्या नियमाने पातळ होत जातो. दुप्पट अंतरावर तो चौथाईच पोहोचतो. म्हणून फ्लॅश वापरणाऱ्याला पुढे सरकण्याचा मोह होतो. स्थिर बसलेल्या खंड्याला तिपाई आणि 3200 ची संवेदनक्षमता बहुधा पुरते. म्हणजे कीअर्टन बंधूंना घरट्यापाशी नेणारी कारणे आता उरलेली नाहीत. उरली आहे ती सवय, आणि शेजाऱ्याच्या चित्राहून आपले चित्र सरस हवे ही ईर्ष्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणेही येते, हे किती जणांना ठाऊक आहे?

विद्यार्थ्यांना कॅमेरा देऊन न्यायचेच असेल, तर हिवाळ्यात खाडीकाठी न्यावे. तेव्हा स्थलांतरित चिखलपक्ष्यांची घरटी हजारो किलोमीटर दूर उत्तरेत असतात. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, भरती चढू लागण्यापूर्वी तासभर आधी कांठावर जाऊन सूर्य पाठीशी घेऊन बसावे. पाणी चढते तसा चिखल आक्रसतो आणि पक्षी चरत चरत आपणहून काठाकडे सरकू लागतात.