बडोद्याचा विषप्रयोग खटला आणि चौकशीबाहेर राहिलेले मृत्यू

घडियाळी पोळ ही बडोद्याच्या जुन्या, चार दरवाजांच्या शहरातील मांडवीजवळची वस्ती आहे. पोळ म्हणजे एकाच दरवाजाने बंद करता येणारी, दोन्ही बाजूंना घरे लागून असलेली आणि शेजारधर्माने बांधलेली गल्ली. आज ही पोळ सराफी दुकानांसाठी आणि नवरात्रात अंबामातेसमोर केवळ पुरुषांनी खेळायच्या गरब्यासाठी ओळखली जाते. गायकवाडांच्या राज्यात मात्र राजवाडा, सावकारांच्या पेढ्या आणि सरदारांचे वाडे याच मांडवीच्या भोवती असल्यामुळे दरबारातील मर्जी फिरली की तिची झळ आधी या वस्त्यांना लागत असे. १८७० ते १८७५ या काळात मल्हारराव गायकवाडांच्या कारकिर्दीत ती फार तीव्रतेने लागली. लागोपाठचे संशयास्पद मृत्यू, विषाची बोलवा आणि अखेर एका राज्यकर्त्या महाराजावर चाललेला फौजदारी स्वरूपाचा खटला, असा हा इतिहास आहे. त्या खटल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी ज्या मृत्यूंवर तो चाललाच नाही त्यांची आठवण फारशी ठेवली गेलेली नाही.

मल्हारराव हे खंडेराव महाराजांचे धाकटे भाऊ. थोरल्या भावाच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून १८६३ मध्ये खंडेरावांनी त्यांना बडोद्याजवळच्या पादरा येथे नजरकैदेत टाकले आणि पुढील सात वर्षे ते तेथेच राहिले. २८ नोव्हेंबर १८७० रोजी खंडेराव वारले, तेव्हा पादऱ्याचा हा कैदी एकाएकी राज्याचा धनी झाला. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या आणि मुलगा झाल्यास गादी त्याची ठरणार होती. त्यामुळे त्यांच्या जिवाला धोका आहे असे मानून त्यांना ब्रिटिश रेसिडेन्सीच्या आश्रयाला ठेवावे लागले. रेसिडेन्सी म्हणजे संस्थानच्या राजधानीत राहून इंग्रज सरकारच्या वतीने दरबारावर नजर ठेवणाऱ्या रेसिडेंट या अधिकाऱ्याचे निवासस्थान व कचेरी. ५ जुलै १८७१ रोजी जमनाबाईंना मुलगी झाली, तिचे नाव ताराबाई, आणि मल्हाररावांची गादी पक्की झाली.

त्यानंतर सूड सुरू झाला. खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे यांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले आणि १८७२ मध्ये ते तेथेच मरण पावले. त्यांना विष देण्यात आले असा समज शहरात इतका दृढ होता की पुढे इंग्रज दप्तरातही त्याची नोंद झाली. त्यांच्याबरोबर धरलेल्या मंडळींपैकी काहींचाही बंदिवासातच शेवट झाला. खंडेरावांच्या नोकरमाणसांची घरे व मालमत्ता जप्त करण्यात आली, इनामे काढून घेण्यात आली आणि सावकारांची देणी बुडवण्यात आली. विष दिल्याच्या आरोपावरून पकडलेल्या काही जणांना शहराच्या रस्त्यांतून फटके मारीत नेण्यात आले व त्यांतील काही दगावले. विषाच्या संशयाने पछाडलेला दरबार स्वतःच विषाच्या संशयाचा विषय झाला होता, ही गोष्ट पुढचे प्रकरण समजून घेताना ध्यानात ठेवली पाहिजे. कारण अशा वातावरणात खरा गुन्हा आणि रचलेला गुन्हा हे दोन्ही लोकांना सारखेच संभवनीय वाटू लागतात.

मार्च १८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे रेसिडेंट म्हणून आले. सिंध सरहद्दीवरील आपल्या आधीच्या जागेवरून ते वरिष्ठांशी बेबनाव होऊन दूर झालेले होते. स्वभावाने ते प्रामाणिक, पण हट्टी आणि तक्रारदाराचा शब्द चटकन प्रमाण मानणारे असल्यामुळे रेसिडेन्सीच्या दारात फिर्यादींची रीघ लागली. त्यांच्या अहवालांवरून सर रिचर्ड मीड यांच्या अध्यक्षतेखाली १८७३ च्या अखेरीस एक चौकशी मंडळ बसले. जुन्या नोकरांची लूट, रयतेवरील बेसुमार सारा व नजराणे, कबुलीसाठी होणारी मारहाण आणि घरंदाज स्त्रियांना ओढून नेऊन वाड्यात लौंडी, म्हणजे बटकी, म्हणून ठेवण्याचा प्रकार, यांविषयीच्या तक्रारींत या मंडळाला तथ्य आढळले. परंतु त्याचे काम राज्यकारभार कसा चालला आहे हे पाहण्याचे होते, एखाद्या खुनाचा गुन्हेगार ठरवण्याचे नव्हते, म्हणून भाऊ शिंदे यांचा मृत्यू गैरकारभाराच्या यादीतील एक बाब होऊन राहिला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी जुलै १८७४ मध्ये मल्हाररावांना कारभार सुधारण्यासाठी १८७५ च्या अखेरपर्यंतची मुदत दिली.

या मुदतीत दिवाणगिरी दादाभाई नौरोजी यांच्याकडे होती. मुंबईहून सहकारी आणून त्यांनी न्यायखाते व वसुली यांची घडी बसवण्यास आरंभ केला, पण एकीकडून दरबारातील जुनी मंडळी आणि दुसरीकडून फेअर, अशा कात्रीत ते सापडले. शिवाय मल्हाररावांनी १८७४ मध्ये लक्ष्मीबाईंशी लग्न केले व ऑक्टोबरात त्यांना मुलगा झाला. ते लग्न व तो वारस मान्य करण्यास फेअर तयार नसल्यामुळे वैर टोकाला गेले. २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयना खरीता, म्हणजे दरबारी शिष्टाचाराचे मोहोरबंद पत्र, पाठवून रेसिडेंट बदलण्याची मागणी केली.

त्यानंतर सातव्या दिवशी, ९ नोव्हेंबरच्या सकाळी, फेअर फिरून परत आले. नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत पपनसाच्या रसाचे सरबत पेल्यात भरून ठेवलेले होते. दोन-तीन घोट घेतल्यावर चव बरी न वाटल्याने त्यांनी उरलेले सरबत खिडकीतून बाहेर फेकले, आणि थोड्या वेळाने मळमळ व भोवळ जाणवू लागली, तेव्हा पेल्याच्या तळाशी काळसर गाळ राहिल्याचे त्यांच्या लक्षात आले. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तो तपासला आणि नंतर मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांनीही पाहिला. त्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, आणि काचेसारखी चकाकणारी कठीण भुकटी सापडली, आणि ती भुकटी हिऱ्याची असावी असा तर्क करण्यात आला. हिऱ्याची पूड पोटात गेल्यास माणूस मरतो ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. प्रत्यक्षात सोमलाच्या मानाने ती जवळजवळ निरुपद्रवी असते, पण कटवाल्यांची श्रद्धा काय होती याचा पुरावा म्हणून खटल्यात तिला मोठे वजन आले.

फेअर यांना दूर करून सर लुइस पेली यांना बडोद्यास धाडण्यात आले, आणि तपास मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर व त्यांचे हाताखालचे अधिकारी अकबरअली, अब्दुलअली व गजानन विठ्ठल यांच्याकडे गेला. रेसिडेन्सीतील शिपायांचा हवालदार रावजी याने माफीचे वचन मिळाल्यावर २२ डिसेंबरला कबुली दिली. जमादार नरसू याच्याबरोबर आपण रात्री नजरबागेच्या बाजूने वाड्यात जात असू, तेथे महाराज भेटत, पैसे मिळत, आणि शेवटी पुड्याही मिळाल्या, असे त्याचे म्हणणे होते. तीन दिवसांनी रावजीच्या पट्ट्याच्या शिवणीत अकबरअलींना सोमलाची पुडी मिळाली. तो पट्टा तोवर दुसऱ्या शिपायाच्या अंगावर गेलेला होता. नरसूने कबुली दिली आणि त्यानंतर रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली. त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. अमीना नावाच्या आयेनेही वाड्यात गेल्याचे मान्य केले. जानेवारीत मल्हाररावांना अटक झाली, आणि त्यानंतर त्यांचा खासगी चिटणीस दामोदर त्र्यंबक यानेही माफी घेऊन तोंड उघडले. घोड्यांच्या औषधाचे निमित्त सांगून सोमल मागवला आणि सराफाकडून हिऱ्याच्या कण्या घेऊन त्या दळवल्या, ही हकीकत त्याचीच.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या छावणीत मल्हाररावांवरील आरोपांच्या चौकशीसाठी सहा जणांचे मंडळ बसले. बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. सर रिचर्ड मीड व फिलिप मेल्व्हिल हे दोन इंग्रज सभासद, आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह व राजा सर दिनकरराव हे तीन भारतीय सभासद होते. आरोप चार होते: रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संबंध ठेवणे, त्यांना लाच देणे, त्यांच्याकडून हेरगिरी व रेसिडेंटला अपाय करवण्याचा हेतू बाळगणे, आणि प्रत्यक्ष विषप्रयोगाचा प्रयत्न करवणे. सरकारची बाजू मुंबईचे अ‍ॅडव्होकेट जनरल स्कोबल यांनी मांडली, तर मल्हाररावांसाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आले. सार्जंट ही त्या काळच्या विलायती वकिलांतील वरची पदवी होती.

बॅलंटाइन यांचा भर पुराव्याच्या जडणघडणीवर होता. सर्व मुख्य साक्षीदार पोलिसांच्या ताब्यात राहून, माफीच्या आशेने किंवा भीतीने बोललेले होते. नेमक्या क्षणी सापडलेली पुडी शोधणारा पोलीस अधिकारीच होता. बदलीची मागणी रीतसर व्हाइसरॉयकडे पोहोचली असताना आठवड्याच्या आत महाराज विष घालण्याचा धोका कशासाठी पत्करतील, हा प्रश्नही त्यांनी विचारला. विषात सोमल, हिरा आणि तांबे आहे अशी बातमी फेअर यांना परीक्षणाचा निकाल येण्याआधीच मिळाली होती. ती देणारा भाऊ पुणेकर हा रेसिडेन्सीत जाऊन दरबाराविरुद्ध कागाळ्या करणारा माणूस होता, आणि तांबे तर परीक्षणात मिळालेच नाही, हे उलटतपासणीत उघड झाले. सर्वांत लक्षवेधी साक्ष ठरली ती सराफ हेमचंद फत्तेचंद याची. ज्याच्या वहीवरून हिऱ्यांचा व्यवहार सिद्ध व्हायचा होता, त्यानेच मंडळासमोर आपला आधीचा जबाब नाकारला आणि तो पोलिसांच्या दबावाखाली दिल्याचे सांगितले. सराफाची वही ही बाजारात पत असल्याची शेवटची खूण असते. ती वहीच वादात सापडल्यावर फिर्यादीची साखळी एका महत्त्वाच्या कडीपाशी कच्ची राहिली.

तरीही नोकर वाड्यात जात होते आणि त्यांना पैसे पोचत होते, हे पुराव्यात पुष्कळ अंशी टिकले. ३१ मार्चला काम संपले तेव्हा मंडळाचे दोन तट पडले. तिन्ही इंग्रज सभासदांनी विषप्रयोगाची चिथावणी सिद्ध झाल्याचा निर्वाळा दिला, तर जयाजीराव शिंदे, रामसिंह आणि दिनकरराव यांनी ती सिद्ध झाली असे मानले नाही. राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकांनी यात केवळ इंग्रजांचा कावा पाहिला, आणि इंग्रज लेखकांनी संस्थानिकांचा एकमेकांना सांभाळून घेण्याचा प्रयत्न पाहिला. कागदोपत्री दिसणारा पुरावा मात्र खरोखरच दोन्ही मतांना वाव देणारा होता, असेच म्हणावे लागते. माफीच्या साक्षीदारांवर उभा राहिलेला फौजदारी खटला स्वतंत्र दुजोऱ्याशिवाय शिक्षेपर्यंत नेऊ नये हा न्यायाचा सावध नियम पाहता, भारतीय सभासदांचे मत दुबळे ठरत नाही.

हिंदुस्थान सरकारने या मतभेदातून निराळीच वाट काढली. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्यात मल्हाररावांना पदच्युत करण्याचे कारण विषप्रयोग हे दिलेच नाही. प्रसिद्ध असलेले दुराचरण, घोर गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता, ही कारणे देऊन त्यांना व त्यांच्या संततीला गादीपासून दूर करण्यात आले, आणि २२ एप्रिलला त्यांची मद्रासला रवानगी झाली. म्हणजे ज्या आरोपावर खटला चालला त्यावर शिक्षा झाली नाही, आणि ज्या कारणावर शिक्षा झाली त्यावर १८७५ मध्ये खटला चालला नाही.

या गुंत्यात सर्वाधिक अन्याय झाला तो बडोद्याच्या आतल्या माणसांवर. कर्नल फेअर सरबताचे दोन-तीन घोट घेऊनही जगले, त्यांच्या प्रकरणासाठी विलायतेतून वकील, कलकत्त्याहून सरन्यायाधीश आणि दोन राज्यांचे महाराज आले. तुरुंगात मेलेल्या भाऊ शिंदे यांच्या शरीरातील विषाची मात्र कुणी तपासणी केली नाही, रस्त्यात फटके खाऊन मेलेल्यांचा पंचनामा मंडळापुढे आला नाही, आणि वाड्यात नेलेल्या स्त्रियांना उलटतपासणीचा वकील मिळाला नाही. एकाच माणसावर एकापाठोपाठ एक मृत्यूंचा संशय असताना त्यांची एकत्र, क्रमाने चौकशी झाली असती, तर विषाची रीत, ते पुरवणारे हात आणि हुकूम पोचवणारी माणसे यांचा माग लागला असता, किंवा उलटपक्षी कित्येक आरोप निव्वळ अफवा ठरून मल्हारराव त्या प्रमाणात निर्दोषही ठरले असते. दोन्ही शक्यता उघड्याच राहिल्या.

जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतले जाऊन सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसले, आणि सर टी. माधवराव यांनी दिवाण म्हणून आधीच्या कारकिर्दीतील सरदारांचे व सावकारांचे दावे निकालात काढण्याचे काम हाती घेतले. बुडालेल्या रकमा, थकलेले पगार, काढून घेतलेली इनामे यांच्या फायली उघडल्या गेल्या. १८७०-७५ मधील मृत्यूंसाठी मात्र असे कोणतेही दप्तर उघडले गेले नाही, आणि २६ जुलै १८८२ रोजी मल्हारराव मद्रासमध्ये वारल्यावर तसे ते उघडण्याचे कारणही सरकारला उरले नाही.