मुंबईचीं दोन घड्याळें

"किती वाजले?" हा प्रश्न साधा, परंतु मुंबईंत अर्धशतकभर त्यावर "कोणत्या घड्याळाचे?" असा प्रतिप्रश्न करावा लागे. १९०६ पासून १९५५ पर्यंत या शहरांत दोन वेळा सुखानें, क्वचित् दुःखानें, एकत्र नांदत होत्या. एक मुंबई टाइम, दुसरी स्टँडर्ड टाइम. आणि दोहोंत अंतर ३९ मिनिटांचें, म्हणजे दीड घटकेहून थोडें अधिक.

पूर्वीं प्रत्येक गांवाचा मध्यान्ह स्वतंत्र असे. सूर्य माथ्यावर आला कीं बारा वाजले. शेजारच्या गांवाशीं ताळा पाहण्याचें कारणच नव्हतें. तें कारण आगगाडीनें आणलें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली तेव्हां प्रवास अवघा २१ मैलांचा होता. पण पुढें रूळ देशभर पसरले आणि वेळापत्रकाला एकच वेळ हवी झाली. रेल्वेनें मद्रासची वेळ पत्करली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढें! आपल्या घड्याळावर विसंबून स्टेशन गांठणाऱ्या गृहस्थाला गाडीऐवजीं तिचा धूरच दिसावयाचा.

१८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मद्रासची वेळ सरकारी कचेऱ्यांवरही लादली. परंतु मुंबईकरांनीं ती मनावर घेतली नाहीं. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवें राजाबाई टॉवरसाठीं देणगी दिली. सूर्यास्तापूर्वीं भोजन करण्याचें त्या जैन माउलीचें व्रत त्या घड्याळाच्या ठोक्यांवर निर्विघ्न पार पडे, अशी आख्यायिका आहे. असें व्रत मुंबईच्या सूर्यावर चालावयाचें; मद्रासच्या सूर्याचा तेथें काय उपयोग?

१ जानेवारी १९०६ पासून ८२॥ अंश पूर्व रेखांशाची वेळ देशाची वेळ ठरली. एका अंशाला चार मिनिटें. मुंबई पावणेदहा अंशांच्या आंतबाहेर पश्चिमेस. वंगभंगानें मनें आधींच तापलेलीं. त्यांत सरकारनें सकाळही पळविली असें लोकांस वाटलें. कारण आठाचा भोंगा आतां सूर्याच्या हिशेबानें पाऊण तास आधीं होणार, हें गिरणीकामगारास गणित न शिकतांही कळत होतें. म्युनिसिपालिटीनें आपल्या इमारतींवर मुंबई टाइमच कायम ठेवली.

मग लग्नपत्रिकेंत मुहूर्तापुढें "स्टँ. टा." लिहिणें अगत्याचें झालें. उशिरां येणाऱ्या पाहुण्याला मात्र ही व्यवस्था फार सोयीची वाटली असावी. १९४२ पासून १९४५ पर्यंत युद्धासाठीं देशाचीं घड्याळें आणखी एक तास पुढें सरकलीं, तेव्हां तर सबबीला पावणेदोन तासांचें मैदान मिळालें!

१९५५ मध्यें मुंबई टाइम संपली. परक्या सरकारच्या हुकुमाला पन्नास वर्षें दाद न देणारें शहर स्वराज्यांत आपण होऊन त्याच वेळेला मिळालें. सूर्य मात्र अजूनही जुन्याच वळणाचा आहे. मुंबईच्या माथ्यावर तो साधारणतः बारा वाजून ३९ मिनिटांनींच येतो.